दोन्ही बाह्या डाव्या

मास्तरांनी जन्मभर लोकांच्या अंगाची मापं घेतली, पण स्वतःच्या अंगात काय बिनसलंय ते त्यांना कळेना. उजव्या हाताची बोटं मधूनच बधिर व्हायची, सपाट रस्त्यावर पाय अडखळायचा. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून होतंय?"

"असतील दोन महिने," मास्तर म्हणाले. धाकटा भाऊ शेजारीच बसला होता. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्या म्हणाले, जसे काही कोट आपोआप शिवले जातात!

बायकोने मेंदूच्या तपासणीसाठी पिच्छा पुरवला होता. धाकट्याचं मात्र एकच पालुपद. "दादा, कशाला उकरून काढायचं? आजाराला नाव मिळालं की कात्री सुटली. लोक तुझ्या कटिंगसाठी येतात." भ्यालेल्या मास्तरांना तेच ऐकायचं होतं.

एका दुपारी धाकटा बटणं आणायला गेला असताना मास्तरांनी अस्तरासाठी वरच्या फळीवरचं गाठोडं ओढलं. आत कोटाच्या बाह्या निघाल्या. दोन्ही डाव्या! दुसरी बाही कापताना साचा उलटवायचा राहिला की असं होतं. शिकत असताना ही चूक त्यांनी एकदाच केली होती, आणि वडिलांची थप्पड खाल्ली होती. खाली आणखी बाह्या होत्या, वाकड्या कॉलरी होत्या, खांदे होते. प्रत्येक तुकड्याला गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी टाचलेली, तारीख मास्तरांच्याच अक्षरात. सगळ्यात जुनी सोळा महिन्यांपूर्वीची.

धाकटा परतला आणि दारातच थबकला.

"नवं कापड आणून मी गुपचूप पुन्हा कापत होतो, दादा. तुझं नाव राखलं."

"माझं की दुकानाचं?"

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला आणि डोळेही भरून आले. दोन्हींची त्यांना लाज वाटली.

"डॉक्टरांनी विचारलं होतं, कधीपासून. तू माझ्या शेजारी बसला होतास."

ते गाठोडं बांधायला लागले. बोटं ऐकेनात. धाकट्याने हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला आणि दातांनी गाठ आवळली.

"तपासणीला मोठ्या इस्पितळात ना? मी येतो सोबत."

"तू नको," मास्तर म्हणाले. "कधीपासून ते आता हे गाठोडं सांगेल."