नॉटिंगहॅमची हवा

इंग्लंडात दोन माणसं भेटली की आधी आभाळाची विचारपूस होते, मग एकमेकांची. मिल्टन कीन्सच्या सुप्रभाच्या टीममध्येही सकाळची ऑनलाइन मीटिंग हवेपासूनच सुरू व्हायची. डॅनियलची पाळी आली की ती जरा सावरून बसे. "नॉटिंगहॅमला भुरभुर आहे," तो म्हणायचा, आणि तिच्या डोळ्यांपुढे ओल्या छपरांवरची एक खिडकी उभी राहायची. खिडकीत हा मागंपुढं कोणी नसलेला पोरगा, हातात कॉफी.

घरून काम करायला त्याला तिनेच घेतलं होतं. प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. कामाला वाघ, पण मुखदुर्बळ. तिचे वडील यादवराव रोज संध्याकाळी हटकून विचारायचे, "तुझा तो नॉटिंगहॅमचा पोरगा जेवला का गं?"

बुद्धपौर्णिमेला घरी खीर झाली. "त्याला न सांगता कसं जाऊ, बाबा? ऑकवर्ड होईल," सुप्रभा म्हणाली.

"सुजातेनं बुद्धाला काय अपॉइंटमेंट घेऊन खीर नेली होती?" यादवराव म्हणाले. झालं, विषय संपला.

लॅपटॉप पाठवलेला पत्ता तिच्याकडे होताच. रविवारी खिरीचा डबा घेऊन ती निघाली. दोन्हीकडे पिवळी शेतं, वर पांढरे ढग; ती गाडी नेत होती की गाडी तिला, कोण जाणे. स्लिपर घातलेल्या एका गोऱ्या बाईने दार उघडलं. "डॅनियल? ये ना, लव्ह. सगळे वरच आहेत."

वर माणूस नव्हताच. फळ्यांवर ओळीने लॅपटॉप उघडे होते, प्रत्येकावर एकेका नावाची चिठ्ठी. खोली उबदार होती आणि मंद घुमत होती. 'डॅनियल'च्या स्क्रीनवर सुप्रभाचंच शुक्रवारचं काम दिसत होतं. कोणी हात न लावता बाण सरकला, तिची एक चूक शोधली आणि दुरुस्त करून पुढे गेला.

"मी नुसते चालू ठेवते," बाई म्हणाली. "त्याचेच पैसे मिळतात."

ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं होतं, तेव्हा सुप्रभाने जांभया दिल्या होत्या. उत्तर कोरियाचं सरकार आपली हुशार पोरं कुठेतरी कोंडून बसवतं, अशा घरांत ठेवलेले लॅपटॉप दुरून चालवून खोट्या नावांनी परदेशी नोकऱ्या करायला लावतं. पगार सरकार गिळतं, त्यातून क्षेपणास्त्रं होतात. वर कंपनीची माहिती चोरून खंडणीही मागतं. तिला राग आला, फार आला. एवढे महिने आपण काळजी केली ती कोणाची? तरी तिने डबा त्या लॅपटॉपपुढे ठेवलाच.

सोमवारी सकाळी तिने सिक्युरिटीला कळवलं. न कळवून भागणारच नव्हतं; हजारो ग्राहकांची माहिती त्या पोराच्या हाताशी होती. कळवल्यावर तिकडे त्याचं काय होईल, हेही तिला समजत होतं. "दहाला त्याचा ॲक्सेस कट करतो," सिक्युरिटीवाला म्हणाला. "तोवर नॉर्मल बोला. वेदर वगैरे."

मीटिंग संपली, बाकीचे गेले. डॅनियल मात्र थांबला.

"हवा कशी आहे?" तिने विचारलं. नॉटिंगहॅमला ऊन होतं, तिने आधीच पाहून ठेवलं होतं.

"इथे संध्याकाळ होतेय," तो हळूच म्हणाला. "पाऊस थांबलाय. खिडकी उघडायची परवानगी नाही, पण मातीचा वास येतोय."

खोटं नाव घेऊन आलेल्या त्या पोराने तिला पहिल्यांदाच खरी हवा सांगितली होती.

"काल तू आली होतीस. कॅमेऱ्यात दिसलीस. डब्यात काय होतं?"

"खीर. पौर्णिमेची. तांदूळ तुपावर परतायचे, मग दूध घालून सावकाश आटवायचं, इतकं सावकाश..."

"गोड असते?"

दहा वाजले. त्याची चौकट काळी झाली.

"असते," सुप्रभा त्या काळ्या चौकटीला म्हणाली. "खूप गोड असते."

संध्याकाळी यादवरावांनी विचारलं, "जेवला का गं तो?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "भरल्या पानावरून उठवलं त्याला. मीच."