ताईचं इन्सुलिनचं पेन

माझ्यात शाई नाही, तरी सगळे मला पेनच म्हणतात. मी इन्सुलिनचं पेन. औषधाच्या दुकानातून मी पोहायला शिकवणाऱ्या एका ताईच्या पिशवीत आलो. तिच्या शरीराने इन्सुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच पेशी लहानपणी मारून टाकल्या होत्या. त्यामुळे जेवणाआधी तिच्या पोटाशी मी हजर. "चल, पहिला घास तुझा," ती म्हणायची.

माझं काम चोख, पण अक्कल बेताची. सांगितलं तेवढं औषध मी सोडायचो. रक्तातली साखर किती उतरली, हे मला कुठून कळणार? पुढेपुढे तिलाही कळेनासं झालं. हात थरथरणं, घाम फुटणं, सगळे इशारेच बंद पडले. एकदा मुलांना शिकवता शिकवता पाण्यातच तिची शुद्ध हरपली. दुसऱ्या शिक्षकाने ओढून काढलं म्हणून वाचली.

"आता पाण्यात उतरायचं नाही," तिचे बाबा म्हणाले.

"मग काय काठावर बसून शिट्टी वाजवू?"

"वाजव. पण जिवंत राहून वाजव."

तिने खरंच वाजवली. मुलं पाण्यात, ही खुर्चीवर. टोचायचं काम माझं, पण ती शिट्टी मलाच टोचायची.

मग डॉक्टरबाईंनी नवा उपाय सुचवला. "प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडायच्या. रुजल्या, तर साखर ओळखून लागेल तेवढंच इन्सुलिन बनवतील. पण शरीराने त्यांना परकं समजून हाकलू नये म्हणून गोळ्या कायमच्या. त्याने इतर आजार लवकर गाठतात. आणि हमी नाही."

ताई म्हणाली, "करू या."

सुरुवातीला काहीच घडेना. "रुजल्या नाहीत वाटतं," बाबा रोज धास्तावायचे. मध्येच तिला ताप भरला, तेव्हा तर घरादाराच्या तोंडचं पाणी पळालं. पण ताप उतरला आणि हळूहळू माझा डोसही उतरू लागला. एका सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजपासून पेन राहू दे."

बाबा गोंधळले. "अहो, पेनाशिवाय ही जेवणार कशी?"

"चमच्याने!" ताई म्हणाली, आणि हसता हसता दोघंही रडायला लागली.

आता ती पुन्हा पाण्यात उतरून शिकवते. मी टेबलाच्या खणात असतो. परवा बटण शोधताना तिचा हात मला लागला. "अरेच्चा, तू अजून इथेच!" तिने मला पुसून परत ठेवलं. नव्या पेशी कधी थकल्याच, तर माझी गरज लागेल, म्हणून टाकलेलं नाही.

हाक मारलीस तर येईनच, ताई. पण मारू नकोस. माझी काळजी नको. खण लाव आणि जेवायला बस.