गिनामावशीचं शोकपत्रक

माझी बायको स्नेझाना गेली, तेव्हा आमच्या यांबोल गावात कुणाला ते खरं वाटलं नाही. महिन्याभरापूर्वीच ती एकदा मेली होती. टीव्हीवर.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो आणि नाव छापून शोकपत्रक काढतात. घराच्या दारावर, बसथांब्यावर, झाडांच्या बुंध्यांवर ते चिकटवतात. गावाला बातमी कळते ती तिथेच.

स्नेझाना तरुणपणी इथल्या बाहुलीनाट्याच्या थिएटरात अकॉर्डियन वाजवायची. पुढे राजधानीत, सोफियाला गेली. लहान मुलांचा एक कार्यक्रम तिनं दिग्दर्शित केला, त्यातली गाणी तिची, कोल्ह्याचा आवाजही तिचाच. मग ती मालिका आली आणि माझी बायको गिनामावशी झाली. लोकरीचे मोजे घालून गावभर फिरणारी, सगळ्यांच्या लग्नात नाक खुपसणारी विधवा. लोक आवडीनं बघायचे. नंतर नंतर तर मालिकेचे भागही तीच दिग्दर्शित करायला लागली. बाजारात कुणी स्नेझाना म्हणून हाक मारायचं नाही. "गिनामावशी, आमच्या पोराचं जमव की कुठंतरी!" असं ओरडायचे आणि ती ओ द्यायची. पण सोफियाहून आली की बॅग दारात टाकून आधी गावातल्या गायनसंघातल्या बायकांकडे पळायची. तो संघ तिनंच उभा केला होता. पोटासाठी काय वाटेल ते करते, पण मी आहे गाणारी, असं म्हणायची.

आजार कळला तेव्हा तिनं मला बजावलं, कुणाला बोलायचं नाही.

"लोकांना कीव आली की ते हसत नाहीत, ल्युबेन. आधी गिनाला मारते. मग मी मोकळी."

गिनाच्या मरणाचा भाग तिनं खुर्चीत बसून दिग्दर्शित केला. मग शवपेटीत जाऊन स्वतःच पडली आणि तिथून कॅमेरावाल्याला सूचना दिल्या. त्या भागाच्या जाहिरातीसाठी आपल्याच गावात गिनाची शोकपत्रकं लावायची ही कल्पनाही तिचीच. फोटो तिनंच निवडला. त्यात ती हसू दाबत होती.

चॅनेलवाल्यांनी आमच्या घरासमोर एक कॅमेरावाला लपवून ठेवला होता, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. संघातली वेलिका मंडईतून येत होती. तिनं लांबून दारावरचा फोटो पाहिला, खालचं नाव वाचलंच नाही. घरी जाऊन काळा रुमाल बांधला, बायका गोळा केल्या, मयताला नेतात ते साखर घालून उकडलेल्या गव्हांचं भांडं घेऊन रडत आमच्या दारात आली. दार स्नेझानानंच उघडलं. कमरेला एप्रन, हातात पिठाचा गोळा. वेलिका किंचाळली, भांडं खाली पडलं. सगळा देश ते पाहून पोट धरून हसला. स्नेझाना माफी मागायला गेली, तर वेलिकानं दार उघडलं नाही.

आणि मग स्नेझाना खरंच गेली. जाण्याआधी तिनं एकच गोष्ट मागितली होती. भाषणं नकोत, बँड नको, माझ्या बायकांनी गायचं.

मी पत्रकं छापायला दिली. फोटो तोच दिला, तिला तोच आवडायचा. दारावर लावत होतो, तेवढ्यात शेजारची त्सोन्का खिडकीत आली.

"काय हो ल्युबेनभाऊ, पुन्हा? आता काय गिनामावशीचं भूत येणार का?"

"त्सोन्का, नाव वाच. स्नेझाना लिहिलंय."

"वाचलं हो! तरी म्हणते, या वेळी डोकं चालवलंय. तुम्हाला पण घेतलं का कामाला? चेहरा बाकी अगदी जमलाय हं!"

टीव्हीवर बातमी आली, तर लोक म्हणाले, चॅनेल त्यांचंच, सांगणारच.

मी वेलिकाकडे गेलो. ती अंगणात मिरच्या भाजत होती. मला बघून उठली नाही. आधी माझ्या मागे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे.

"कॅमेरा कुठाय?"

"नाहीये वेलिका. ती गेली गं."

"गेली! मागल्या वेळी पण गेलीच होती. माझा नातू शाळेत मार खाऊन आला, माहितेय? पोरं त्याला गहूवालीचा नातू म्हणून चिडवतात."

"चर्चमध्ये ठेवलंय तिला. येऊन बघ."

"काय बघू? शवपेटीत पण पाहिलंय मी तिला. टीव्हीवर, नाकात कापूस घालून. छान दिसत होती."

"तिनं सांगितलंय, तुम्ही गायचं."

"मग तिलाच पाठव सांगायला," वेलिका म्हणाली आणि मिरच्या उलथायला लागली.

  मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत पाद्री, खड्डा खणणारे दोघे, सोफियाहून आलेली तिची रंगभूषाकार आणि मी, एवढेच होतो. कुंपणाबाहेर मात्र गर्दी होती. फोन वर धरून उभे होते सगळे. कुणी आत येईना. चित्रीकरणात मध्ये आलो तर ओरडतील, असं वाटत असावं.

पाद्र्याची प्रार्थना संपत आली तेव्हा वेलिका फाटकातून आत आली. एकटी. अंगावर लाल स्वेटर, हातात पाच कार्नेशन. आमच्याकडे जिवंत माणसाला विषम फुलं देतात आणि मेलेल्याला सम. ती भांडायला आली होती. ती फुलं स्नेझानाच्या तोंडावर मारणार होती, हे तिनं मला नंतर सांगितलं.

"ऊठ गं," ती म्हणाली. "ऊठ, नाटकी. झालं ना सगळ्यांचं हसून?"

कुंपणाकडून हशा आला.

वेलिका वाकली आणि तिनं उघड्या पेटीतल्या स्नेझानाच्या कपाळावर तळहात ठेवला. हात तिनं लगेच काढला नाही. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. मग पाचातलं एक फूल काढून स्वेटरच्या खिशात कोंबलं आणि चार फुलं तिच्या छातीवर ठेवली.

"मला सांगायचं तरी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आजारी होती हे तरी."

"तिनं सांगू दिलं नाही."

"बाकीच्या नाही यायच्या. आता बोलवायला गेले तरी मला हसतील." तिनं रुमालानं तोंड पुसलं. "आणि आमचं गाणं एकटीचं नाही. खाली कुणीतरी सूर धरावा लागतो. तो तीच धरायची."

वेलिकानं रंगभूषाकाराकडे पाहिलं, ती नाही म्हणून मान हलवत मागे सरकली.

"तू धर," वेलिका मला म्हणाली.

"मला गाता येत नाही."

"गायचं नाही. एकच सूर. मी श्वास घेईन तेव्हा तू थांबायचं नाहीस, बस्स."

तिनं सूर दिला, मी तो पकडला. नीट लागला नाही. वेलिकानं माझ्या दंडाला धरून तो थोडा वर घ्यायला लावला आणि गाणं सुरू केलं. ती श्वास घ्यायला थांबायची, तेव्हा फक्त माझा आवाज उरायचा, फाटलेला, हलणारा. खणणाऱ्यांनी झाकण लावलं, दोर सोडले. मी थांबलो नाही. पेटी तळाला टेकली तेव्हा वेलिकाचं शेवटचं कडवं संपलं.

कुंपणाकडून टाळ्या पडल्या. "वा, ल्युबेनभाऊ!" कुणीतरी ओरडलं.

वेलिकानं वाकून मुठीत माती घेतली. मीही घेतली.