बर्फाचं मशीन आणि शेवटचा वॉल्ट्झ

संगीतात अफाट ताकद आहे. संगीताने दगडाला पाझर फुटतो, चालून आलेली सैन्यं थबकतात, राजे गादी सोडून रानात निघून जातात. आमच्या बँडच्या संगीताने ओपलच्या बारमधलं बर्फाचं मशीन बंद पडतं. दर रविवारी.

कारण साधं आहे. ओपलचा बार म्हणजे टेक्सासच्या उन्हात, कापसाच्या शेतांमध्ये टाकून दिलेला पत्र्याचा डबा. त्याचं वायरिंग तिच्या सासऱ्याने स्वतःच्या हाताने केलं, आणि तो गृहस्थ धंद्याने न्हावी होता. स्टेजचा प्लग आणि बर्फाचं मशीन एकाच तारेवर. दोन्ही एकदम चालू झाली की फ्यूज उडतो. म्हणून दुपारी आम्ही वाद्यं लावली की ओपल मशीनचं बटण बंद करते आणि जाहीर करते, "आता आहे तेवढीच बिअर गार! कुणाला कोमट वाटली तर त्याने भरभर प्यावी."

माणसं चर्चमधून थेट इकडे येतात. गाडीतच बूट बदलतात. फरशी लाकडाची, पाय सरकावेत म्हणून तिच्यावर मक्याचं पीठ भुरभुरलेलं. नाचणाऱ्या जोड्या घड्याळाच्या उलट्या दिशेने गोल फिरतात. आजे-पणजेही तसेच फिरले. खिडकीतून तिरपं ऊन येतं, पीठ हवेत तरंगतं, आणि त्या पिवळ्या धुक्यात म्हातारी माणसं उलटी फिरत राहतात. मला कधीकधी वाटतं, प्रत्येक फेरीला ती थोडी तरुण होत असावीत. पाच वाजता दिवे लागले की पुन्हा आपापल्या वयाची होऊन घरी जातात.

मी ड्रम वाजवतो. ड्रमवाल्याला बँडमध्ये कुणी अक्कल विचारत नाही, त्यामुळे तो सगळ्यांच्या मागे बसून निवांत बघू शकतो. आमचा गायक डब. आणि स्टील गिटारवर हॉलिस. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. इस्त्रीच्या टेबलासारखी पुढ्यात मांडून बसायचं, तारांवर लोखंडी कांडी सरकवायची, पायांनी पेडल दाबायची, गुडघ्यांनी तरफा ढकलायच्या. हॉलिसचा एक अवयव म्हणून मोकळा नसतो. जन्मभर त्याने जिल्ह्याला नाचवलं, स्वतः एक पाऊल टाकलं नाही.

बर्फाच्या मशीनशेजारच्या टेबलावर व्हर्ना बसते. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने 'मिस' म्हणतात, म्हणून सगळ्यांची मिस व्हर्ना. नवरा गेल्यापासून ती नाचत नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "गुडघा हो, गुडघा." पण हॉलिसची तार रडवेली होऊन वर चढली की तोच गुडघा टेबलाखाली ताल धरतो. हे सबंध जिल्ह्याला माहीत होतं. आपण सोडून कुणालाच माहीत नाही, असं फक्त हॉलिस आणि व्हर्ना यांना वाटायचं.

त्या रविवारी व्हर्ना शेवटचं यायची ती आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कायमची लेकीकडे जाणार होती, ओरेगॉनला.

"हॉलिस!" ओपल काउंटरवरून ओरडली. "तुझा ट्रक मागे कुणाच्या तरी गाडीला आडवा लावलायस!"

"पाचनंतर काढतो. एकदा बंद केला की लहर लागेल तेव्हाच सुरू होतो तो."

"मालकावर गेलाय," डब म्हणाला. मग माइकवर हात ठेवून हळूच, "आता शेवटचा वॉल्ट्झ. जा, विचार तिला."

"आणि स्टील कोण वाजवणार? तुझी आत्या?"

"अरे, उद्या जातेय ती."

"माहितीये."

"तिकडे रोज पाऊस पडतो म्हणे. गंजेल बिचारी."

"तू गा रे, डब."

"मी विचारू का तिला?" मी मागून म्हणालो.

"तू आधी ताल सांभाळ," हॉलिस म्हणाला.

वॉल्ट्झ सुरू झाला. हॉलिसने तार अशी काही ओढली की ऊनसुद्धा खिडकीत जरा थांबलं. जोड्या फिरू लागल्या. आणि मला दिसलं, कारण मी मागे असतो: व्हर्नाने समोर बघतच हात लांब केला आणि बर्फाच्या मशीनचं बटण दाबलं.

मशीन एकदा घुरघुरलं. फ्यूज उडाला. पंखे, बिअरच्या जाहिरातीचे दिवे, माइक, बास गिटार, स्टील, सगळं गप्प. राहिला डबचा उघडा आवाज, त्याची लाकडी गिटार आणि ड्रमवर फिरणारे माझे तारांचे ब्रश.

"फ्यूजची पेटी कुठे असते बाई?" असं म्हणत ओपल स्टूलवर बसली आणि तिने सिगारेट पेटवली. पेटी तिच्या डोक्यावर होती.

हॉलिस मुक्या गिटारीमागे बसून होता. दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही गुडघे रिकामे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे सबब नव्हती. तो उठला, हॅट काढली, पुन्हा घातली, आणि चालत गेला.

"मिस व्हर्ना, गुडघा कसा आहे?"

"कुठला गुडघा?" व्हर्ना म्हणाली आणि उभी राहिली.

हॉलिसने तिचा हात धरला आणि थेट चुकीच्या दिशेने निघाला. सगळ्यांना त्याने आजवर स्टेजवरूनच पाहिलेलं, खाली उतरल्यावर उजवं-डावं कोण लक्षात ठेवतो? पहिल्याच वळणावर ती दोघं समोरच्या जोडीवर आदळली.

"अहो हॉलिस, उलटे चाललाय!"

"ते बरोबर चाललेत," व्हर्ना म्हणाली. "तुम्ही वळा."

आणि माणसं वळली. एकेक जोडी थबकली, फिरली, मागे लागली. त्या फरशीवर पहिल्यांदाच सगळे घड्याळाबरोबर फिरत होते. स्टीलची सुरावट सगळ्यांना पाठ होती. कुणीतरी ती गुणगुणलं, मग सगळेच. पत्र्याचा डबा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमू लागला. डबने गाणं संपू दिलं नाही. कडवी संपल्यावर जुळवून जुळवून गायला, एका कडव्यात तर ओपलच्या सासऱ्याचे आभार मानले.

शेवटी त्याचा घसा बसला. जोड्या जागच्या जागी थांबल्या. पीठ हळूहळू खाली बसत होतं.

हॉलिसने हात सोडला नव्हता. "मिस व्हर्ना," तो म्हणाला. माइक नव्हता, तरी मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. "जाऊ नका."

व्हर्नाने त्याच्या शर्टावरचं पीठ झटकलं.

"हॉलिस," ती म्हणाली, "तेवढा तुमचा ट्रक काढाल का? माझी गाडी अडकलीये."