काटा मध्यावर आला तरी

"अहो, निघायचंय की नाही?"

मी खिडकीच्या काचेवर टकटक केली, तर आतून ह्यांनी नुसता तळहात दाखवला. म्हणजे थांब, इंजिन गरम होऊ दे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या थंडीत तीही गारठली असावी.

पुढच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. तो मीच खरवडला, स्वयंपाकघरातलं उलथनं आणून. बोटं बधिर झाली, नाक गळायला लागलं, आणि आमचे साहेब आत बसून इंजिनाची घुरघुर ऐकताहेत, जणू गाणंच लागलंय.

एरवी मी काही बोलले नसते. आयुष्यभर बेकरीची गाडी चालवलेला माणूस. निवृत्त झाला तरी गाडी म्हटलं की त्यांचंच खरं. पण सकाळीच चिंगीचा फोन आला होता. चिंगी म्हणजे आमची एकुलती एक लेक. तारीख पुढच्या आठवड्यातली होती, पण पहाटे दुखायला लागलं म्हणून शेजारणीने तिला दवाखान्यात नेलं. बाळ आडवं आहे, नऊ वाजता ऑपरेशन करायचं म्हणतात. जावई बोटीवर, कुठल्या समुद्रात आहेत देव जाणे. "आई, तुम्ही दोघं या, मगच मी आत जाणार," असं ती नर्सला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणाली. शेवटच्या शब्दाला मात्र आवाज फुटला. लहानपणी अंधारात हाक मारायची ना, अगदी तस्सा.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. टॅक्सीवाल्यांना फोन केले, तर असल्या थंडीत यायला एक जण तयार होईल तर शपथ. मला गाडी येत नाही. शिकवा म्हणून किती मागे लागले होते, तर "मी आहे ना," म्हणायचे. आहेत की. बसलेत बघा कसे!

मी पिशवी मागच्या सीटवर टाकली, पुन्हा काढली. बाळाची दुपटी मीच शिवलेली, ती आहेत की नाहीत ते बघितलं. आहेत. परत बघितलं. फाटकापर्यंत गेले, परत आले.

तेवढ्यात शेजारच्या मास्तरीणबाई आपली गाडी पुसायला बाहेर आल्या. "आज निघालात वाटतं कुठेतरी!" त्या हसून म्हणाल्या. "काका रोज सकाळी गाडी चांगली गरम करतात, थोडा वेळ बसतात, आणि बंद करून घरात जातात. आमच्या घरी पैजा लागल्यात, गाडी फाटकाबाहेर कधी पडणार म्हणून."

मी हसले. हसायचं म्हणून हसले.

रोज? मी सकाळी शिवणाच्या दुकानात जाते, ती संध्याकाळी येते. हे तर म्हणायचे, आज बाजारात जाऊन आलो, आज जुन्या बेकरीवाल्यांना भेटून आलो. आणि बाजाराच्या पिशव्या तर घरात यायच्या! मग हे चालत जात होते? गुडघे धरून, या गारठ्यात?

मी दार उघडून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आत छान ऊब होती. मी समोर बघितलं. तापमानाचा काटा मध्यावर येऊन कधीचा गपगार उभा होता.

"काटा वर आलाय की हो."

"अजून थोडं. आतून गरम व्हायला वेळ लागतो."

"माझ्याकडे बघा."

त्यांनी बघितलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि बोटांची पेरं पांढरी पडलेली. मग मला पुढच्या बंपरचा पोचा आठवला. गेल्या महिन्यात म्हणाले होते, रिव्हर्स घेताना खांबाला लागला. रिव्हर्स घेताना पुढचा बंपर! आणि मी बाई हो म्हणून मोकळी झाले होते.

"गल्लीच्या टोकाच्या उतारावर काही झालं ना?" मी विचारलं.

त्यांनी काचेतून फाटकाकडे बघितलं. मग ते म्हणाले, "ब्रेक दाबला, तर गाडी ऐकेचना. नुसती घसरत गेली. खाली बसस्टॉपवर माणसं उभी होती गं. एक बाई होती, तुझ्यासारखीच शाल घेतलेली. मला वाटलं तूच. कठड्याला घासून थांबली म्हणून, नाहीतर..." त्यांनी तोंड पुसलं. "कुणाला लागलं नाही. पण तेव्हापासून गिअर टाकायला हातच उचलत नाही. लोक हसतील मला. तू तर हसशीलच."

खरंच हसले असते. इतर कुठल्याही दिवशी टिंगल करून करून जीव नकोसा केला असता. आता मात्र त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण लाड करायला वेळ कुठे होता? तिकडे माझी पोर एकटी पडली होती.

"काच खाली करा," मी म्हटलं आणि उतरले.

"काय करतेस?"

"तुमच्या बाजूने चालते. उतार संपेपर्यंत."

"वेड लागलंय का? घसरली तर तुझ्या अंगावर येईल!"

"मग घसरू देऊ नका." मी उघड्या खिडकीतून हात आत घातला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. "चिंगीला सायकल शिकवताना सीट धरून कोण पळत होतं? चला. पहिला टाका."

त्यांनी पहिला टाकला.

गाडी फाटकाबाहेर पडली. मास्तरीणबाई हातात फडकं धरून बघतच राहिल्या. पैज कोण जिंकलं कोण जाणे. गल्लीभर मी शाल खोचून गाडीच्या बाजूने तुरुतुरु चालत होते, आणि हे गोगलगायीच्या वेगाने गाडी हाकत होते. उताराच्या तोंडाशी गाडी थांबली. मी पाय आपटून दाखवला. "रेती टाकलीय बघा. खरखरीत आहे. या."

"तू कडेला हो आधी."

"नाही होणार."

ते काहीतरी पुटपुटले, बहुतेक मलाच शिवी होती. मग ब्रेकवरचा पाय तसूतसूने सैल केला. मध्ये एकदा चाक जरासं सरकलं, पण मी हात काढला नाही. बसस्टॉपवरची माणसं माना वळवून बघत होती. बघेनात का!

खाली सपाट रस्ता लागल्यावर मी आत बसले. गाडी दुसऱ्या गिअरवर रडत रडत चालली होती, मागचे लोक हॉर्न मारत होते, आणि मी घड्याळाकडे न बघायचा प्रयत्न करत होते.

सिग्नलला फोन वाजला. "आई, कुठे आहात? स्ट्रेचर आणलंय यांनी! इतका वेळ काय करत होतात?"

आवाज गाडीभर ऐकू येत होता. ह्यांनी मान खाली घातली.

"अगं, गाडी गरम करायला नको का?" मी तिच्यावरच खेकसले. "असल्या थंडीत तशीच दामटायची म्हणजे इंजिनाची वाट. तुझ्या बाबांना कळतं ते. हा पूल ओलांडला की आलोच. नर्सला सांग, आई येतेय, आणि ती भांडकुदळ आहे."

फोन ठेवला. ह्यांनी मान वर केली. सिग्नल सुटला, आणि त्यांनी गाडी तिसऱ्यात टाकली.