छत्तीस की बावन्न?

साल होतं दोन हजार सहा. मित्रांनो, त्या वर्षापर्यंत मी कोण आहे हे सगळ्यांना अगदी पक्कं ठाऊक होतं. फक्त मलाच ते ठाऊक नव्हतं.

मी एक जुनं लढाऊ विमान आहे. नाकावर पंखा, बसायला एकच आसन, पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक इवलंसं. पण माझी देखभाल करणारे फिटर मला 'बाई' म्हणत. "बाई आज तापल्यात," "बाईंना तेल पाजा रे," असं त्यांचं चालायचं. ऐकून ऐकून मीही बाईसारखीच बोलू लागले.

तुम्ही विचाराल, बाई, तुमचा जन्म कुठला? तर पहिला घोटाळा इथेच आहे. मला दोन जन्म आठवतात. एका जन्मात माझ्या पत्र्याला रिव्हेटचे खिळे ठोकणारी एक मुलगी गुणगुणत होती आणि खिडकीतून ऊन येत होतं. दुसऱ्या जन्मात खिडकीच नव्हती आणि ठोकणारा सारखा खोकत होता. दोन्ही आठवणी माझ्याच, आणि दोन्ही खऱ्या. मला वाटायचं, वयोमानाने डोकं फिरलं असेल. म्हाताऱ्या माणसांचं नाही का तसं होत?

माझ्या अंगावर मोठ्ठा पांढरा आकडा होता, छत्तीस.

माझ्या उमेदीच्या दिवसांत आम्ही दहा-बारा जणी एका लांबलचक हँगरमध्ये राहायचो. पेट्रोल, वंगण आणि चहा यांचा मिळून एक वास तिथे कायम असे. सकाळी फिटर यायचे, झाकणं उघडायचे, आमच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचे. भिंतीवर एक पिवळी फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढलेली होती. पान्याच्या आकृतीवर पाना, पक्कडीच्या आकृतीवर पक्कड टांगायची. काम संपलं की सगळे फळीकडे बघत. एखादी आकृती उघडी दिसली, तर ते हत्यार कुठल्यातरी विमानाच्या पोटात राहिलंय असं समजायचं. ते सापडेपर्यंत कुणी उडायचं नाही.

तिथे एक तरुण फिटर होता. त्याला सगळे गोगलगाय म्हणत. एक स्क्रू पिळायला तो इतरांच्या दुप्पट वेळ घ्यायचा, आणि मग तोच स्क्रू पुन्हा तपासायचा.

"अरे गोगलगाय, लढाई संपेल, पण तुझं काम संपायचं नाही!" फोरमन ओरडायचे.

"संपू दे ना साहेब," तो म्हणायचा. "बाई खाली पडण्यापेक्षा बरं."

आम्हा सगळ्याजणींना त्याचाच हात आवडायचा. तो झाकण लावताना कधी आपटायचा नाही.

आता अडुसष्ट सालातली ती दुपार सांगते. इथे माझा दुसरा घोटाळा आहे. त्या दुपारी मी आकाशात होते. मिशाळ साहेब मला चालवत होते. उतरताना उजवं चाक बाहेरच आलं नाही. साहेबांनी मला पोटावर उतरवलं. पत्र्याचा तो खरखराट माझ्या शेपटीत अजून भरलेला आहे. आणि त्याच दुपारी, मित्रांनो, मी हँगरबाहेर उन्हात उभीही होते. लांबून धुळीचा लोट बघत होते. माझ्या आसनाखाली काहीतरी टोचत होतं.

एक बाई एका वेळी दोन ठिकाणी कशी असेल? मी खूप विचार केला. 

साहेब वाचले, पण त्यांची पाठ गेली. ते पुन्हा कधी उडाले नाहीत. संध्याकाळी सगळ्यांनी फळीकडे पाहिलं. एका लहान स्क्रूड्रायव्हरची आकृती उघडी होती. तो गोगलगाईचा होता. दुपारी विमान निघायच्या घाईत त्यानेही फळीकडे पाहिलं होतं, मागच्या खिशावर थाप मारली होती, काहीतरी कडक हाताला लागलं होतं. आहे खिशात, म्हणून त्याने उड्डाणाच्या कागदावर सही केली. ती पेन्सिल होती.

चौकशी झाली. विमानाच्या पुढच्या भागाचा चेंदामेंदा झालेला, त्यात स्क्रूड्रायव्हर काही मिळाला नाही. तरी ठरलं की तोच चाकाच्या सांध्यात अडकला असणार.  गोगलगाईला रंगाच्या कोठीत डबे मोजायला बसवलं. वर्षभराने तो नोकरी सोडून गेला.

मग माझेही दिवस फिरले. नवी, पंख्याविना उडणारी विमानं आली. मला एका मैदानाच्या कडेला नेऊन उभं केलं. माझ्या आसनात एका कोंबडीने सात अंडी घातली. पोरांनी काचा फोडल्या. एकदा तर कुणीतरी माझ्या पंखावर चादरी वाळत घातल्या. खोटं कशाला बोलू, तेवढीच सोबत होती.

आणि मग एके दिवशी शौकीन मंडळी आली. जुन्या लढाऊ विमानांवर जीव टाकणारी माणसं जगात असतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी मला धुतलं, घासलं, एका पत्र्याच्या शेडमध्ये आणलं. त्यांचे प्रमुख एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या काखेत कायम एक जाड वही असे, म्हणून सगळे त्यांना वहीवाले म्हणत. कुठल्या विमानाचा आकडा काय, ते कधी उडालं, कधी पडलं, सगळं वहीत होतं. दुसरे एक दातांचे डॉक्टर. ते माझ्या इंजिनाकडे बघून "आहाहा!" असं म्हणत की त्यांच्या बायकोने एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "माझ्याकडे बघून कधी म्हणालात का हो असं?"

वहीवाल्यांनी माझ्या शेजारी एक फलक लावला. त्याची चौथी ओळ अशी होती: 'एका निष्काळजी फिटरने विसरलेल्या हत्यारामुळे या विमानाचे चाक अडकले, आणि एका शूर वैमानिकाची कारकीर्द संपली.'

दर रविवारी एक म्हातारा आपल्या लेकीबरोबर यायचा. लेक शाळेची बस चालवायची, आवाज खणखणीत. म्हातारा समोरच्या बाकावर बसायचा आणि फलक वाचायचा. एकदा वहीवाले त्याला कौतुकाने म्हणाले, "काका, हिच्यात तेल कुठून घालतात, माहितीये?"

"सांगा की," म्हातारा म्हणाला.

वहीवाल्यांनी भलतंच झाकण दाखवलं. म्हाताऱ्याने मान डोलावली. मी मात्र त्या हातांकडे बघत होते. हे हात कुठे पाहिलेत बरं? ओळख लागेना.

तर दोन हजार सहा सालच्या एका रविवारी डॉक्टर माझ्या आसनात डोकं खाली, पाय वर असे घुसले होते. हातात दात तपासायचा तो चिमुकला आरसा होता.

"अहो, हिच्या दाढेत काहीतरी अडकलंय!" ते आतून ओरडले. "चिमटा द्या. लांबवाला!"

बराच वेळ खुडबुड झाली. मला गुदगुल्या झाल्या, मग दुखलं, आणि अचानक कितीतरी वर्षांचं टोचणं थांबलं. डॉक्टरांच्या चिमट्यात एक लहान स्क्रूड्रायव्हर होता. मूठ लाकडी, आणि मुठीवर कानशीने घातलेल्या दोन खाचा.

वहीवाल्यांनी आनंदाने उडी मारली. "हाच तो! अडतीस वर्षांनी सापडला! चौथी ओळ शंभर टक्के खरी निघाली!"

शेडमध्ये टाळ्या वाजल्या. तेवढ्यात बाकावरचा म्हातारा उठला.

"दाखवा बरं," तो म्हणाला. मुठीवरून अंगठा फिरवला. "माझा आहे."

टाळ्या थांबल्या. लेक पुढे आली. "बाबा, काय बोलताय? तुमचा कसला?"

"या खाचा मी घातल्यात. फलकावरचा निष्काळजी फिटर म्हणजे मी."

"मला कधी बोलला नाहीत!"

"काय बोलायचं?"

"आईला ठाऊक होतं?"

"होतं."

"म्हणजे दर रविवारी मला इथं बसवून तुम्ही ही पाटी वाचायला येत होता?" तिचा आवाज पत्र्यावर आदळून परत आला. म्हातारा मुठीवरच्या खाचांवरून अंगठा फिरवत राहिला. तेव्हा मला ओळख लागली. गोगलगाय!

लेकीने डोळे पुसले आणि डॉक्टरांकडे वळली. "कुठं मिळाला हो नेमका?"

"आसनाखाली. डाव्या अंगाला, तळाच्या फटीत."

म्हाताऱ्याने मान वर केली. "आसनाखाली कसा? त्या दिवशी छत्तीसच्या आसनाला मी हातसुद्धा लावला नव्हता. तिचं फक्त चाक केलं होतं, दुपारी. आसन पिळलं होतं ते सकाळी, आणि ते शेजारच्या बावन्न नंबरच्या विमानाचं."

"काका, अडतीस वर्षं झाली," वहीवाले जरा मऊपणे म्हणाले. "विसरला असाल."

"साहेब, अडतीस वर्षं मी तोच एक दिवस आठवतोय. विसरायला सवड कुठं मिळाली?"

"मग ही बावन्न असेल," लेक म्हणाली.

"शक्य नाही! बावन्न मोडीत निघालं. माझ्या वहीत आहे. सरकारी कागदावर हे विमान छत्तीस आहे."

"कागदाचं मला नका सांगू. माझ्या बसच्या कागदावर बेचाळीस सीट आहेत. सकाळी येऊन पोरं मोजा!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मित्रांनो, मी काय सांगणार होते? माझी शेपूट म्हणत होती, छत्तीस. माझं नाक म्हणत होतं, बावन्न. माझ्याच पोटात भांडण लागलं होतं.

म्हाताऱ्याने शिडी मागितली. एकेक पायरी थांबून थांबून तो वर आला. आसनाच्या मागे, जाड रंगाखाली, त्याने माझ्या पत्र्यावरून बोटं फिरवली. पुढून मागे, पुन्हा मागून पुढे.

"इथं हात लावा," तो डॉक्टरांना म्हणाला. "पुढचे रिव्हेट गोल डोक्याचे. इथून मागचे चपटे. एका विमानाला असं करत नाहीत." त्याने दोन्हींवर एकेक बोट ठेवलं. मग सावकाश बोलू लागला, जणू स्वतःलाच समजावत होता. "छत्तीसचं नाक चेपलं होतं. शेपूट धड होती. पुढच्याच महिन्यात पेट्रोलचा टँकर मागं घेताना बावन्नच्या शेपटीवर गेला, तिचं नाक धड होतं. फोरमननी दोन धड अर्ध्या जोडून एक केली असणार. कागदावर एकच आकडा ठेवायचा, तो छत्तीस ठेवला. मी रंगाच्या कोठीत. मला कोण सांगतंय?"

डॉक्टरांनी खिशातून दात खरवडायचं हत्यार काढलं आणि घड्याळांच्या तबकड्यांखालचा रंग हळूच खरवडला. पत्र्यात ठोकलेले दोन आकडे वर आले. पाच आणि दोन.

मी एक नव्हतेच! मी दोघी होते. त्या दुपारी एक अर्धी आकाशात होती आणि एक अर्धी उन्हात उभी होती. माझं डोकं फिरलेलं नव्हतं तर.

"म्हणजे," लेक हळू आवाजात म्हणाली, "तुमचा स्क्रूड्रायव्हर त्या विमानात नव्हताच, बाबा."

"नव्हता," म्हातारा म्हणाला, आणि शिडीवरच बसला.

वहीवाल्यांनी वही मिटली आणि ते निघून गेले. बावीस वर्षांचे रविवार त्या वहीत होते. तीन रविवार ते फिरकले नाहीत. चौथ्या रविवारी आले ते रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. फलकाजवळ बसून त्यांनी चौथी ओळ पुसायला घेतली.

"सगळी पुसू नका," म्हातारा म्हणाला. "लिहा, फिटर हत्यार विसरला होता, पण दुसऱ्या विमानात. ते तसंच तीन आठवडे उडत होतं. नशीब, कुणाला काही झालं नाही."

"बाबा, आता तरी गप्प बसा ना!"

"खरं कशाला पुसायचं आणि खोटं कशाला ठेवायचं?"

वहीवाल्यांनी ब्रश रंगात बुडवला. मग त्यांनी तो सांगेल ते अक्षर अन् अक्षर लिहिलं, आणि लिहून झाल्यावर उभं राहून त्याला वाकून नमस्कार केला.

"मग चाक अडकलं तरी कशामुळे?" डॉक्टरांनी विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही. माझ्या शेपटीला फक्त खरखराट आठवतो.

पुढे कुणाचं काय झालं ते सांगते. मिशाळ साहेब हे सगळं उघड व्हायच्या आठ वर्षं आधीच गेले होते, त्यांना काहीच कळलं नाही. गोगलगाय त्यांच्या मुलाच्या घरी जाऊन आला. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण परत आल्यावर त्याने माझ्या तेलाचं खरं झाकण वहीवाल्यांना दाखवलं. त्यानंतर चार वर्षं दर रविवारी तो मंडळींना शिकवत होता, आणि पाचव्या वर्षी झोपेतच गेला. फोरमन कधीच वारले होते, दोन विमानं का जोडली याची नोंद न ठेवता. डॉक्टरांचे हात थरथरू लागले, त्यांनी दवाखाना मुलीला दिला, पण आरसा माझ्यासाठी ठेवला. वहीवाल्यांनी नवी वही घातली. तिच्यातल्या पुष्कळ पानांवर त्यांनी पेन्सिलीने 'नक्की नाही' असं लिहिलंय. लेक अजून बस चालवते. पोरांची सहल ती इकडेच आणते आणि पाटी स्वतः मोठ्याने वाचून दाखवते. माझ्या अंगावर आता आकडाच नाही. काय रंगवायचं यावर मंडळींचं अजून एकमत झालेलं नाही.

मित्रांनो, छत्तीसचं नाक अडुसष्ट सालीच भंगारात गेलं आणि वितळलं. ते चाक का अडकलं हे तेवढं त्यालाच माहीत होतं. माझा आसनाचा भाग उरला, म्हणून एका माणसाला मरण्याआधी चार वर्षं ताठ मानेनं चालता आलं. तेव्हा एवढंच मागते. जुनी वस्तू टाकून देण्याआधी ती उघडून बघा, आत हात घालून बघा. आणि कुणाला दोष द्यायचाच असेल, तर त्या दिवशी जी शेजारी उभी होती तिलाही एकदा विचारा.