सतरा नंबरचा उंदीर

सर्जरीच्या संशोधन विभागात सरांना सगळे पाठीमागे 'गाठवाले' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. ऑपरेशन कुणीही करो, शेवटची गाठ सर मारायचे. मारताना मान जराशी तिरकी करायचे, म्हणजे फोटो काढणाऱ्याची सोय व्हायची. एका हाताची गाठ, दोन बोटांची गाठ, विद्यार्थ्यांकडे बघत बोलता बोलता मारलेली गाठ. प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्यांच्या हातांचा, नुसत्या हातांचा, दारापेक्षा मोठा फोटो लावला होता. त्या हातांखाली बसून काचबाई बावीस वर्षं लिव्हरच्या चकत्या कापत होत्या.

मेणात बसवलेला लिव्हरचा तुकडा केसापेक्षा पातळ कापायचा, काचेवर चढवायचा, रंगवायचा, नंबर घालायचा. हे काम, म्हणून हे नाव. कोण काय बोललं याच्याइतकंच कुठल्या तारखेला बोललं हेही त्यांच्या ध्यानात राहायचं. त्यांच्या हिशेबी माणसं दोन जातींची: वहीत लिहिलंय तसं करणारी, आणि आपण केलेलं दुसऱ्याकडून वहीत लिहून घेणारी. सरांचा हात स्वतःच्या वहीला कधी लागलाच नव्हता.

यंदाचा प्रयोग मोठा होता. उंदराच्या पोटातली पित्ताची नळी बांधायची. पित्त तुंबतं, उंदीर पिवळा पडतो, चार आठवड्यांत लिव्हर चपलेच्या तळव्यासारखं कडक होतं. मग सरांनी शोधलेलं औषध पाजायचं आणि लिव्हर मऊ राहतं का ते बघायचं. चाळीस उंदीर. एकवीस ते चाळीस, म्हणजे बिनऔषधाचे, सरांच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरबाईंनी बांधायचे. एक ते वीस, म्हणजे औषधाचे, सरांनी स्वतःकडे ठेवले.

"इतिहास घडवायचा तर हात आपलाच हवा," ते म्हणाले.

वहीत रीत स्पष्ट लिहिली होती: नळीला दोन गाठी आणि मधोमध कात्री. धाकट्या बाईंनी वीसच्या वीस उंदरांना तसंच केलं, मान खाली घालून, घाम पुसत. सरांनी एकेक गाठ मारली आणि चिमटा खाली ठेवला.

"सर, मध्ये कापायचं राहिलं," धाकट्या बाई म्हणाल्या.

"ज्याचा आपल्या गाठीवर विश्वास नाही, त्यानं कापावं."

दुसऱ्या दिवशी औषध पाजायचा मुहूर्त. फोटोवाला आला. सरांनी हसत हसत सतरा नंबरचा उंदीर उचलला आणि उंदरानं त्यांच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. सरांच्या तोंडून जे निघालं ते फोटोत येत नाही म्हणून बरं. "हा काढा प्रयोगातून!" ते ओरडले. काचबाईंनी पिंजऱ्याचं कार्ड पुढे केलं. सरांनी त्यावर डाव्या हातानं लिहिलं, 'औषध देऊ नये', आणि सही ठोकली. सतरा नंबर कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात गेला, औषधाचा थेंबही न चाखता चार आठवडे ऐटीत जगला. बाकीच्यांबरोबर त्याचंही लिव्हर निघालं तेव्हा काचबाईंनी ते बरणीत घातलं. सर म्हणाले, "टाकून द्या ते." टाकून देणं काचबाईंच्या स्वभावात नव्हतं. सरांना फक्त लिव्हर हवं होतं. बाईंनी प्रत्येक लिव्हरसोबत नळीचा तुकडाही ठेवला होता, जुनी सवय.

निकाल आला तो असा: धाकट्या बाईंच्या सगळ्या उंदरांची लिव्हरं खडबडीत, सरांच्या एकोणिसांची गुळगुळीत. विभागात टाळ्या वाजल्या. परिषदेची तिकिटं निघाली. माणसांवर औषध वापरून बघायला परवानगी मिळाली, आणि ती देणाऱ्या समितीचे अध्यक्ष रोज संध्याकाळी सरांशी टेनिस खेळायचे हा निव्वळ योगायोग होता.

काचबाई एरवी मधोमध न कापलेल्या नळ्यांची नोंद करून गप्प बसल्या असत्या. पण माणसांतला पहिला नंबर लागला तो त्यांच्या दादाचा.

दादा शिंपी. दोन महिन्यांपासून त्याच्या डोळ्यांत हळद उतरली होती. पित्ताची नळी जुन्या सुजेनं आकसून बंद झालेली. मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं: नळी आतड्याला जोडून पित्ताला नवी वाट काढायची. सरांनी ते पुढे ढकललं. तीन महिने औषध घ्या, लिव्हर सांभाळलं जाईल, घाई कसली? धाकट्या बाईंनी काचबाईंना जिन्यात गाठून सांगितलं, "तीन महिने थांबलं तर सांभाळायला लिव्हर उरणार नाही. मी बोलले, तर म्हणाले तुला धीर नाही."

काचबाई दुकानात गेल्या. दादा अंग खाजवत कोटाला अस्तर लावत होता.

"दादा, सही करू नकोस."

"का गं? पोट फाडून घेण्यापेक्षा गोळी बरी. आणि पेपरात फोटो येणार आहे माझा."

"पिवळा येईल."

"रंगीत तरी येईल! छोटे, तू लहानपणापासून अशीच. लग्नातसुद्धा आधी अक्षदा मोजल्यास तू." मग सुई थांबवून तो हळूच म्हणाला, "मला कापण्याची भीती वाटते. मी आयुष्यभर कापतोय ना, मला माहितीये कापलेलं नीट जुळणं किती अवघड असतं."

काचबाई प्रयोगशाळेत परतल्या आणि आजवर कुणी न मागितलेलं काम त्यांनी काढलं: नळ्यांचे तुकडे कापायला घेतले.

शुक्रवारी सकाळी सरांच्या खोलीत दादा पेन घेऊन बसला होता. शेजारी फोटोवाला. दारात धाकट्या बाई फाइल छातीशी धरून उभ्या. काचबाई सूक्ष्मदर्शक उचलून आत आल्या आणि त्यांनी तो सरांच्या टेबलावर, परिषदेच्या तिकिटांवरच ठेवला.

"सर, एक मिनिट. ही धाकट्या बाईंच्या तिसाव्या उंदराची नळी. बंद. आणि ही तुमच्या पाचव्याची."

सरांनी डोळा लावला. काळा रेशमी दोरा बोटातल्या सैल अंगठीसारखा पडला होता, आणि त्यातून नळी मजेत, उघड्या तोंडानं गेली होती.

"एकोणिसांच्या एकोणीस अशा आहेत," काचबाई म्हणाल्या. "गाठ सैल झाली, पित्त वाहिलं, उंदीर बरे झाले."

सर उठले, खिडकीपर्यंत गेले, वळले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे माझ्या औषधानं गाठसुद्धा सुटते! बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय शोधलंत? लेखात तुमचे आभार मानतो." फोटोवाल्याला ते म्हणाले, "हे लिहून घ्या."

उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. हा गडी उंटावर बसून उंटच आपण बनवला असं सांगत होता. काचबाईंनी खिशातून आणखी एक काच काढली आणि सोबत पिंजऱ्याचं कार्ड.

"हा सतरा नंबर. ह्याचीही नळी उघडी, लिव्हर मऊ. औषध शून्य. खाली सही तुमची."

सरांनी आपोआप अंगठा चोळला. "तो प्रयोगात नाहीच!"

"उंदराला ते माहीत नव्हतं, सर."

दादा उठला. "मी बघू?" कुणी हो म्हणायच्या आत त्यानं डोळा लावला. चाळीस वर्षं काजं शिवलेला माणूस. लिव्हरमधलं त्याला काही कळलं नसेल, पण दोरा कळला. दोन्ही काचा त्यानं आलटून पालटून पाहिल्या.

"डॉक्टर, ही गाठ कुणी मारली?"

"ती विशिष्ट प्रकारची..."

"आणि ती आधीची, घट्ट?"

"ती हिनं," सर धाकट्या बाईंकडे हात करून तडकले. "हिचं हेच चुकतं! फार आवळते ही!"

धाकट्या बाईंनी फाइल आणखी घट्ट धरली. दादानं त्यांच्या हातांकडे पाहिलं, नखं बारीक कापलेली, अंगठ्याजवळ दोऱ्याचा वळ. मग येताना प्रयोगशाळेत पाहिलेल्या त्या मोठ्या फोटोची त्याला आठवण झाली असावी, कारण तो किंचित हसला. पेनाला टोपण लावून त्यानं ते सरांपुढे ठेवलं.

"डॉक्टर, माझ्या दुकानात एक कारागीर होता. बटण लावताना गिऱ्हाइकाशी इतकं गोड बोलायचा की काय सांगू. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जायचं आणि बटण वाटेत पडायचं." मग तो दाराकडे वळला. "बाई, मंगळवार अजून रिकामा आहे का? मला भीती वाटते, हे आधीच सांगतो. पण सगळ्या गाठी तुम्ही मारायच्या. शेवटचीसुद्धा."

"शेवटची गाठ सर..." धाकट्या बाईंनी सवयीनं सुरुवात केली.

"शेवटचीसुद्धा," काचबाई म्हणाल्या.

फोटोवाल्यानं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. धाकट्या बाईंनी सरांच्या समोर, त्यांना न विचारता, फाइलमध्ये लिहिलं: मंगळवार, सकाळी आठ.

ऑपरेशन पाच तास चाललं. सर त्या दिवशी महत्त्वाच्या बैठकीला गेले होते. सहाव्या दिवशी दादाच्या डोळ्यांतली हळद कडेनं उतरू लागली, खाज थांबली, आणि त्यानं पहिली तक्रार केली: पोटावरचे टाके सरळ आहेत, पण दोऱ्याचा रंग त्याला पसंत नाही. धाकट्या बाई हसल्या. काचबाई व्हरांड्यात गेल्या आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळेत दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या.

तिकिटं रद्द झाली. समितीनं परवानगी कधी दिली होती हे अध्यक्षांना आठवेना. नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायानं सरांनी आधी उंदीर वाईट जातीचे ठरवले, मग पिंजरे दमट ठरवले, आणि शेवटी महिन्याभरानं नवा प्रयोग जाहीर केला: बाजारातला रेशमी दोरा कितपत भरवशाचा आहे?

पुन्हा चाळीस उंदीर आले. काचबाईंनी नवी वही उघडली. नंबर, तारीख, वजन असे रकाने आखले. मग पट्टी सरकवून वजनाच्या पुढे, सगळ्यात रुंद असा आणखी एक रकाना आखला आणि वर ठळक लिहिलं: गाठ कुणी मारली.

खाली पहिल्या ओळीत सही करायला त्यांनी वही सरांपुढे धरली. सरांनी आधी बैठक आहे म्हणून पाहिलं, मग चष्मा सापडत नाही म्हणून. काचबाई वही धरून उभ्या राहिल्या. पिंजऱ्यातले चाळीसही उंदीर जागे होते.

"कात्री आणा," सर अखेर म्हणाले.